ओव्याची धुरी

मी भांडखोर आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. पुण्यात मी ग्राहक न्यायालयात वकिली करते आणि समोर माझं नाव दिसलं की कंपन्यांचे वकील सुनावणीआधीच तडजोडीची भाषा काढतात. ओजस्वी कुलथे. शाळेत मुख्याध्यापिकांशी भांडले, कॉलेजात मेसवाल्याशी भांडले, आणि लग्नात निहारच्या काकांनी "मुलीकडच्यांनी जरा मागं बसावं" म्हटल्यावर त्यांच्याशीही भांडले, तेही हातात हार घेऊन. निहार म्हणतो, त्या क्षणी तो माझ्या प्रेमात दुसऱ्यांदा पडला.

फक्त एका माणसाशी मी कधी भांडले नाही. आईशी. न्यायाधीशांना "थांबा, माझं बोलणं संपलेलं नाही" असं सुनावणारी मी, पण आईनं लातूरहून फोनवर नुसतं "ओजा, आता झोप" म्हटलं की मुकाट्यानं दिवा मालवायची. लोक त्याला संस्कार म्हणायचे. मीही म्हणायचे.

हे सगळं मी घाईघाईनं सांगतेय त्याला कारण आहे. हा जो आवाज तुम्ही ऐकताय, तो आणखी किती दिवस टिकेल याचा मला भरवसा नाही.

थोडं विज्ञान सांगावं लागेल. घाबरू नका, मी हे न्यायालयाला समजावलंय, तुम्हालाही समजेल. आपण गाढ झोपलो की मेंदू दिवसभरात शिकलेल्या गोष्टींची उजळणी करतो. कशाची करायची आणि कशाची नाही, हे तो स्वतः ठरवतो. पण त्याला बाहेरून खूण करता येते. अभ्यास करताना खोलीत मोगऱ्याचा वास ठेवा आणि त्या मुलाला गाढ झोप लागल्यावर तोच वास पुन्हा द्या. मेंदू नेमका तोच धडा काढून घोटत बसतो. वासानं माणूस जागा होत नाही आणि वास थेट आठवणींच्या जागी पोचतो, म्हणून वास. एवढंच हे शास्त्र आहे.

'निजबोध' नावाच्या कंपनीनं यावर कपाळाला बांधायची पट्टी काढली. पट्टी मेंदूच्या लहरी मोजायची, गाढ झोप लागली की छोट्या कुपीतून वास सोडायची आणि कानाशी हळू आवाजात धडा म्हणायची. माझ्या लहानपणी लातूरच्या क्लासवाल्यांच्या वसतिगृहांत खाटेखाटेवर या पट्ट्या होत्या. मुलं डॉक्टर होत होती, पालक खूश होते, तोवर सगळं ठीक होतं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मेंदू धडा घोटतो तसं वाक्यही घोटतो. 'मला मोबाईल नको.' 'मला गणित आवडतं.' दुसऱ्याच्या आवाजातलं वाक्य झोपेतही मन बाहेर ढकलतं, पण स्वतःच्या आवाजातलं ढकलत नाही. त्याला वाटतं, आपलंच आहे. म्हणून पट्टी आधी मुलाचं बोलणं ऐकायची आणि त्याच्याच आवाजात आईबापांचं वाक्य तयार करायची. सकाळी उठून मुलाला काहीही आठवायचं नाही. त्याला फक्त मोबाईल नकोसा झालेला असायचा.

पुढे कायद्यानं अठराच्या आतल्या मुलांना पट्टी लावायला बंदी आली. त्या बंदीमागं जे खटले होते त्यांतला एक माझा. माझा अशील एक विशीतला मुलगा होता, परीक्षेत पहिला आलेला, आणि त्याला कशाचीच इच्छा होत नव्हती. "मला काय आवडतं ते मला माहीतच नाही," एवढं एकच वाक्य तो बोलायचा. कंपनीचा वकील म्हणाला, मुलगा तर तक्रार करत नाही, तो सुखात आहे. मी म्हटलं, "ज्याच्या घरात चोर मालक होऊन बसलाय तो पोलिसांत जाईल कसा?" खटला जिंकले. पेपरात फोटो आला. आईला फोन केला तर ती क्षणभर काही बोललीच नाही, मग म्हणाली, "छान बोललीस. जेवलीस का?"

ते गप्प बसणं मला फार उशिरा कळलं.

*

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मी लातूरला गेले. वडील जाऊन काही वर्षं झालेली, घरात आई एकटी. मुलगी झाली. बारसं माझी तब्येत सावरल्यावर करू असं ठरलं, तोवर तिला सगळे पिटुकली म्हणू लागले.

रोज सकाळी बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून झालं की आई मातीच्या शेगडीत निखारे घ्यायची आणि त्यावर ओवा, वेखंड, ऊद टाकायची. निळसर धूर निघायचा. त्यावरून लांबूनच बाळाला एकदा फिरवायची आणि मग शेगडी माझ्या बाजेखाली सरकवायची.

"आई, डॉक्टर धूर नको म्हणतात बाळाला."

"लांबूनच द्यायलेय की गं. तू झोप निवांत. कंबर शेकून निघू दे."

"बरं," मी म्हटलं. आईला मी दुसरं काही म्हणतच नव्हते.

आणि खरं सांगते, काय झोप लागायची! अंगाखाली ऊब, नाकात तो वास, पोटाशी पोर. भर सकाळी अशी गाढ झोप मला जन्मात लागली नव्हती.

दोनतीन आठवड्यांनी पहिली गोष्ट घडली. माझ्या ज्युनिअरचा फोन आला, एका तारखेबद्दल विचारायला, आणि फोन वाजताच मी पांघरूण ओढून घेतलं. फोन! मी, जी फोनवर लोकांना रडवते, ती वाजणाऱ्या फोनकडे बघत बसले आणि तो बंद पडल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. मग शेजारच्या वसतिगृहाचा भोंगा. रोज दुपारी त्यावरून सूचना कोकलायचे. एरवी मी चप्पल घालून तिथे जाऊन त्या मॅनेजरची शाळा घेतली असती. मी उठले, खिडकी लावली आणि पिटुकलीच्या कानांवर हात धरून बसले.

आणि मी गुणगुणायला लागले. मी! आमच्या स्नेहसंमेलनात मला समूहगीतातून बाहेर काढलं होतं. शब्द नव्हते त्याला, नुसती एक खालच्या पट्टीतली, फिरून फिरून तिथेच येणारी चाल. कुठून आली माहीत नाही. पिटुकली रडता रडता थांबायची आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. मग मी दूध उतू गेलं म्हणून रडायचे, चिमणी खिडकीत आली म्हणून हसायचे, कुणी आलं की आतल्या खोलीत जायचे. आणि मी सुखात होते. हे मला स्पष्ट सांगायचंय. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला हरवायचं नव्हतं.

रविवारी निहार आला. मी त्याला चहा दिला आणि शेजारी गप्प बसले. त्यानं कप तसाच खाली ठेवला.

"काय गं, गोड झालीस एकदम."

'म्हणजे आधी काय कारलं होते?' हे वाक्य तयार असायला हवं होतं. ते आलं नाही. मी हसले. निहारच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं.

"बरं वाटत नाहीये का तुला?" त्यानं हळूच विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती नजर मी तिच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. ती घाबरली होती.

*

दुसऱ्या दिवसापासून धुरी बंद झाली.

"ओवा संपला," आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डॉक्टर नको म्हणतात ना? मग कशाला उगं."

जिनं डॉक्टरांना तीन आठवडे दाद दिली नव्हती तिला अचानक डॉक्टर आठवले. मग कचऱ्याच्या डब्यात साल टाकायला गेले तर तिथे ओव्याची बरणी होती. गळ्यापर्यंत भरलेली. माझी आई प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालते. तिनं भरलेली बरणी फेकली होती!

माझ्यात वकील किती उरला होता देव जाणे, पण तेवढा पुरला. त्या खटल्यात कंपनीच्याच तज्ज्ञानं उलटतपासणीत मला एक गोष्ट सांगितली होती. गाढ झोपेत वास मिळत राहिला आणि त्याच्याबरोबरचं वाक्य कानावर आलंच नाही, तर मेंदू दोघांतली गाठ सोडायला लागतो. वाक्य झिजत जातं. "म्हणजे ज्या वासानं बसवलं त्याच वासानं पुसलंही जातं?" मी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "हो, पण कुपीतला वास आमच्याच कंपनीचा असतो, तो बाहेर मिळत नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती.

"आई, माझ्या पट्टीत कुठला वास होता?"

आईचे हात परातीत थांबले. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी तिनं ती उलटली नाही. मी गॅस बंद केला.

"कंपनीची लव्हेंडरची कुपी होती," ती शेवटी म्हणाली. "मला ती पसंतच पडली नाही. लेकरू धुरीच्या वासानं झोपतं, लव्हेंडरनं कुठं झोपतं? मी ओवा न् वेखंड तेलात उकळला, अर्क काढला आणि भरला. डोक्यातच आलं नाही, ओजा. तू एक दिवस बाळंतपणाला येशील न् मीच तुझ्या बाजेखाली..." तिनं करपलेली भाकरी तव्यावरून ओढून काढली.

"कधी?"

"तू पाच वर्षांची होतीस. शाळेत बाईंनी तुला नाव विचारलं न् तुला सांगता येईना. महिनाभर रोज विचारायच्या. तू खाली मान घालून उभी. घरी कुणी आलं की दाराआड. बाई मला हसून म्हणाल्या, 'अगदी तुमच्यावर गेलीय.' मला त्या दिवशी घास गिळवला नाही."

"मग काय झालं तुझ्यावर गेले तर?"

आईनं पिठाचे हात पदराला पुसले. ती खाली जमिनीवरच बसली.

"तुझ्या आधी एक होती. चौथ्या महिन्यात त्यांनी कुठून तरी बघून घेतलं, मुलगी आहे म्हणून. तुझ्या आजीनं गाडी सांगितली. तुझे बाबा खाली बघत बसले. मला एकच शब्द बोलायचा होता, ओजा. 'नको.' घरापासून त्या दवाखान्यापर्यंत तो माझ्या तोंडात होता. बाहेरच आला नाही." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "तुझ्या वेळी मी सरळ माझ्या माहेरी जाऊन राहिले, कुणाला कळूच दिलं नाही. पण मी तेव्हाच ठरवलं, ही माझ्यासारखी होणार नाही."

"काय काय घातलंस?"

तिला पाठ होतं. कितीतरी वर्षं झाली, तरी स्तोत्रासारखं पाठ होतं.

"मी कुणाला घाबरत नाही. मला नको असेल तर मी नाही म्हणेन. कुणी गप्प केलं तर मी आणखी मोठ्यानं बोलेन."

"आणि?"

"एवढंच."

"आणि, आई?"

तिनं पदर चाचपला. "आई सांगते ते माझ्या भल्याचंच असतं." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाली, "एवढं तर कुठलीही आई घालेल गं."

म्हणजे मुख्याध्यापिकांशी भांडलेली मी, हार हातात घेऊन भांडलेली मी, 'चोर मालक होऊन बसलाय' असं न्यायालयाला सांगणारी मी. टाळ्या मिळालेलं ते वाक्य बोलत कोण होतं? मला राग यायला हवा होता. राग आलाच नाही, नुसतं रडू आलं, आणि रडताना एकच गोष्ट विचारावीशी वाटली.

"ती दाराआड लपणारी मुलगी कुठंय, आई?"

"ती कुठली मुलगी? ती मीच होते," आई म्हणाली. "अन् मला मी नको होते."

मग ती उठली, वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा काढला आणि त्यातून ती पट्टी काढून माझ्यासमोर धरली. कापड पिवळं पडलं होतं, पण आईनं तिची बॅटरी आदल्या दिवशीच बदलून आणली होती.

"तुझा आवाज आहे अजून हिच्यात. ओजा, तू पुण्याला जाशील, तिथं कोर्टात तोंड उघडणार नाहीस. कुणीही येईल न् तुला बसवून जाईल. हिला कोण सांभाळेल मग? लाव."

मला नको होतं. अगदी साधं, स्वच्छ, मला नको होतं. तो शब्द माझ्या तोंडात होता.

"बरं," मी म्हटलं.

*

आठवडाभर दुपारी पट्टी लावून झोपले आणि माझी मी परत आले. काय सांगू, चष्म्याचा नंबर बरोबर बसावा तसं वाटलं. जाऊन त्या वसतिगृहाच्या मॅनेजरला असा झापला की भोंगा उतरवूनच टाकला त्यानं. ज्युनिअरला फोन करून तीन चुका दाखवल्या. आईनं पेढे आणले. कशाचे विचारलं तर म्हणाली, "असेच."

पिटुकलीला उचललं तर ती रडली.

भूक असेल म्हटलं. नव्हती. पोट दुखत असेल म्हटलं, डॉक्टरांना दाखवलं, पोट मऊ. मग मला ती चाल आठवली. म्हणजे, अशी एक चाल होती एवढं आठवलं. चाल आठवेना. मी तोंड उघडलं तर काहीतरी बेसूर, ठणठणीत निघालं आणि पोरगी दचकून आणखी रडली. मग ती गप्प झाली, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघायला लागली. मी वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आधी माझ्याकडे बघायचं, मग दाराकडे.

माझ्या लेकीची आई हरवली होती आणि तिच्या जागेवर मी बसले होते. लोकांच्या हरवलेल्या पोरांसाठी भांडणारी मी! त्या दिवशी मला पहिल्यांदा माझीच किळस आली.

सव्वा महिना झाल्यावर पुण्याला आले. आईनं डिंकाच्या लाडवांशेजारी पट्टी नीट बांधून दिली होती. रोज दुपारी तिचा फोन यायचा.

"लावलीस का?"

"हो."

एकदा निहारला बसवलं आणि सगळं सांगितलं. तो मऊ स्वभावाचा माणूस, पण खोटं बोलत नाही. त्याला विचारलं, "तुला कोण हवीय?"

त्यानं हातातला फोन बाजूला ठेवला.

"मी हिच्याशी लग्न केलं," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "हिच्याशिवाय मला करमणार नाही. त्या दिवशी लातूरला तू चहा घेऊन शेजारी बसलीस ना, मला वाटलं कुणी परकी बाई आहे." मग पाळण्याकडे बघितलं. "पण हिला ती परकी वाटत नव्हती."

"मग मी काय करू?"

"हे तू ठरवायचंस."

"अरे, पण कुठल्या मी?"

तो उठून पाळणा हलवायला लागला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्यानं एक कागदाची पुडी ओट्यावर ठेवली आणि काही न बोलता हात धुवायला गेला. पुडीत ओवा होता, वेखंड होतं आणि ऊद होता.

मी पट्टी कपाटात टाकली. हा निर्णय भांडखोर ओजस्वीनं घेतला, हे लक्षात ठेवा. 'मी कुणाला घाबरत नाही' हे वाक्य आईनं घातलं होतं खरं, पण त्याचा एवढा मोठा वापर मी आयुष्यात दुसरा कुठलाच केला नाही.

नवव्या मजल्यावर शेगडी पेटवली आणि इमारतीचा धुराचा अलार्म बोंबलत सुटला. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. मी त्यांना नियमावली तोंडावर म्हणून दाखवली, खिडक्या सताड उघड्या आहेत हे दाखवलं, त्यांच्या स्वतःच्या होमाची आठवण करून दिली. ते खाली गेले. निहार पोरीला कडेवर घेऊन गॅलरीत उभा राहून खोकत होता आणि हसत होता. ते माझं शेवटचं चांगलं भांडण. मग मी शेगडीशेजारी झोपले, आणि त्यानंतर रोज झोपत गेले.

आईचा फोन यायचाच. "लावलीस का?" मी "हो" म्हणायचे. आता ते खोटं होतं, पण 'नाही' म्हणणं मला जमत नव्हतं. ते शेवटचं वाक्य सगळ्यांत चिवट होतं. तिनं पाणी पी म्हटलं की तहान नसताना माझा हात ग्लासाकडे जायचा.

गेल्या आठवड्यात मी न्यायालयात पहिल्यांदा पुढची तारीख मागितली. समोरचे वकील बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, चहा घेता का?" त्यांच्या आवाजात दया होती. मी चहा घेतला आणि थँक्यू म्हटलं.

चाल परत आलीय. पूर्ण नाही, अर्धी. पिटुकली आता दाराकडे कमी बघते.

*

आजचं मी हळू सांगते. मला आता घाईनं बोलता येत नाही.

निहार ऑफिसात होता. दुपारी आईचा फोन आला. मी नुसतं "हॅलो" म्हटलं. पलीकडे एसटी स्टँडवरच्या घोषणा चालल्या होत्या. मग फोन बंद झाला. 'लावलीस का' असं तिनं विचारलं नाही, तेव्हाच मला कळलं. माझ्या रोजच्या 'हो'वरूनच तिनं तो बदललेला आवाज ओळखला असणार. ती पुण्यातच होती, स्टँडवर उतरली होती.

थोड्या वेळानं बेल वाजली.

मला भीती वाटत होती. आईची भीती, दाराची भीती, बेलच्या आवाजाची. मी पिटुकलीला छातीशी घेतलं आणि दाराजवळ जाऊन उभी राहिले. दारावरच्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात आई दिसत होती. प्रवासानं दमलेली. हातात पिशवी, आणि दुसऱ्या हातात एक नवी कोरी छोटी पेटी. तिच्यावर झोपलेल्या बाळाचं चित्र होतं. कायद्यानं बंद झालं तरी लातूरला सगळं मिळतं.

"ओजा, दार उघड."

माझा हात कडीवर गेला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. बोटं कडीभोवती बसली.

"उघड बाळा. मला माहितेय काय झालंय. मी आलेय ना आता. तुला आणि हिला, दोघींना नीट करते. तू घाबरू नको, नुसती कडी काढ."

पिटुकली माझ्याकडे बघत होती. दाराकडे नाही, माझ्याकडे.

तो शब्द माझ्या तोंडात होता. पाच वर्षांची मी बाईंसमोर उभी होते तेव्हा असंच वाटलं असेल. माझी आई त्या गाडीत बसली होती तेव्हा असंच वाटलं असेल. मोठ्यानं बोलणारी ओजस्वी आता नव्हती. तिला हाक मारली असती तरी ती आली नसती. उरले होते ती एवढीच मी.

मी कडीवरचं एकेक बोट सोडवलं.

"नाही, आई," मी म्हटलं.

फार हळू म्हटलं. पण दाराच्या पलीकडे ऐकू गेलं. पडद्यात मला आईचा चेहरा दिसत होता. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं कान दाराला लावला.

"कोण आहे?" ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कोण बोलतंय आतून?"

पिटुकलीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. मी दाराला कपाळ टेकवलं आणि आईला माझं नाव सांगितलं.